मन थकलं तर कुडपणातून कुठे जायचं?

शेतकऱ्याच्या मनाचा विषय निघाला की महाराष्ट्रात सगळ्यांचं बोट यवतमाळ, अमरावती, बीडकडे जातं. सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला तेव्हाही विदर्भ-मराठवाड्यातले १४ जिल्हे निवडले गेले आणि तिथल्या आशाताई घरोघर जाऊन ताणाची विचारपूस करू लागल्या. रायगड त्या यादीत नव्हता. कोकणातला शेतकरी जिवाचं काही करून घेत नाही, अशी समजूत आपण सगळ्यांनी मिळून करून घेतली आहे. तिच्या आड महाड-पोलादपूरच्या डोंगरातली बरीच दुखणी झाकली गेली.

कुडपणच घ्या. रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जिथे जवळ येतात, तिथलं हे डोंगरावरचं गाव. पावसाळ्यात भीमाची काठी आणि धबधबे बघायला पुण्यामुंबईच्या गाड्या वर चढतात, बांधावर उभं राहून फोटो काढतात, संध्याकाळी उतरतात. मागे राहतात ती बहुतेक म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी पोरं. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली भाताची चार खाचरं. कापसाचा भाव पडला म्हणून इथे कोणाची झोप उडत नाही, आणि बँकेचं कर्ज लाखांच्या घरात गेलेली घरंही विदर्भाइतकी सापडायची नाहीत. इथला घोर निराळा. पोरं मुंबईला. हातातोंडाशी आलेली नाचणी एका रात्रीत रानडुकरांनी लोळवलेली. गुडघे गेले म्हणून दरवर्षी एखादं शेत ओसाड पडतं. आणि जून लागला की घरामागच्या डोंगराची धास्ती. यातलं काहीच सातबाऱ्यावर दिसत नाही, म्हणून ते कोणी विचारतही नाही.

तेव्हा सुरुवात कागदांपासून नको, घरातल्या माणसापासून करू.

आधी ओळखा

‘मला उदास वाटतंय’ असं आपल्याकडे सहसा कोणी म्हणत नाही. डोकं जड झालंय, झोप येत नाही, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, घास उतरत नाही असं म्हणतात. मग पोलादपूरला जाऊन सलाईन लावून येतात, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशी दोन-तीन सलाईनं झाली आणि तपासण्यांत काही निघालं नाही, तर दुखणं मनाचं असू शकतं हे घरच्यांच्या ध्यानात यायला हवं.

लावणीच्या दिवसांत सगळेच थकतात. पण थकलेला माणूस पाठ टेकताच निजतो. मन खचलेला पहाटे तीनला उठून ओटीवर बसलेला असतो. डॉक्टर आणि आशाताई ज्या दोन प्रश्नांनी सुरुवात करतात, ते घरातही विचारता येतात. एक, गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का? दोन, मन खचलंय, पुढे काही दिसत नाही, असं वाटतं का? दोन्हींची उत्तरं चार प्रकारची: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून अधिक दिवस, जवळपास रोज. त्यांना अनुक्रमे शून्य, एक, दोन, तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली तर दवाखान्याची वाट धरायची. ही परीक्षा नव्हे, आणि यावरून आजाराचं नाव ठरत नाही. आता कोणाला तरी दाखवायला हवं, एवढंच ठरतं.

आणखी काही गोष्टी इथल्या घरांत बघाव्यात. गुरांवर जीव असलेला माणूस अचानक ती विकायला काढतो. रोज हरिपाठाला जाणारा देवळाची पायरी चढत नाही. बाई चूल पेटवते, पण स्वतः ताट वाढून घेत नाही. वर्षानुवर्षं भावकीशी भांडणारा एकाएकी ‘घे बाबा तो बांध तुला’ म्हणून मोकळा होतो. यातली शेवटची खूण फार फसवी असते. लोकांना वाटतं शहाणा झाला, निवळला. कधी तसं असेलही. पण बरेच दिवस खचलेला माणूस अचानक शांत झाला आणि आवराआवर करू लागला, तर त्या दिवशी त्याला एकटं सोडू नये.

विचारायचं कसं

समोरासमोर बसवून ‘तुला काय होतंय ते सांग’ म्हटलं की आपल्याकडचा गडी गप्प होतो. बरोबर काम करताना विचारावं. पेंढा रचताना, गुरांमागे चालताना, पोलादपूरच्या एसटीत शेजारी बसल्यावर. नजर समोर असली की तोंड उघडतं. सुरुवात दिसलेल्या गोष्टीने करावी: ‘काका, गेले पंधरा दिवस तुम्ही नीट जेवत नाही, मी बघतोय.’ मग थांबावं. उत्तराची घाई करू नये. गप्प बसले तर त्यांच्या गप्पपणातही सोबत बसावं.

‘तुला काय कमी आहे?’, ‘दरडीखाली गेलेल्या तळियेतल्या माणसांचं बघ, त्यांचं तर सगळंच गेलं’, ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?’ ही वाक्यं तोंडाशी आली तरी गिळावीत. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच पोलादपूर तालुक्यातलं, आणि त्याचा अभिमान असावाच. पण त्या अभिमानाचं ओझं साठीच्या म्हाताऱ्याच्या रडण्यावर कशाला टाकायचं?

आता अवघड प्रश्न. ‘जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. अभ्यासातून दिसलं ते उलट: ज्याच्या मनात तो आधीच असतो, त्याला कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर दचकू नका, देवाची शपथ घालू नका, वाडीभर बभ्रा करू नका. ‘बरं झालं मला सांगितलंस, आता आपण दोघं मिळून बघू,’ एवढं म्हणा. त्या रात्री त्याच्या खोलीत कोणीतरी झोपावं. आणि घरातलं विषारी औषध त्याच संध्याकाळी घराबाहेर काढावं.

या औषधाबद्दल थोडं सविस्तर. तणनाशक, फवारणीचं औषध, उंदरांचं औषध हे कोकणातल्या घरांतही आता माळ्यावर, न्हाणीच्या कोनाड्यात, चुलीमागे पडलेलं असतं. जीव देण्याचा विचार पुष्कळदा काही मिनिटांचा असतो. ती मिनिटं टळली की माणूस वाचतो आणि बहुतेक वेळा पुढेही जगतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याहून खाली आला. माणसांची दुःखं तेवढीच होती, हाताशी विष नव्हतं. म्हणून लागेल तेवढंच आणा, उरलं तर घरी ठेवू नका. पेटीला कुलूप लावून किल्ली खुंटीला टांगण्याचा उपयोग नाही. कुलूपबंद पेट्या वाटण्याचा मोठा प्रयोग श्रीलंकेतच झाला आणि त्याने फरक पडला नाही. गावात राहत्या घरांपासून लांब एकच कोठार करून त्याची किल्ली दोघांकडे ठेवणं जास्त बरं.

कोणी काही घेतलंच, तर ओकारी काढायला लावू नका. मिठाचं पाणी, ताक, तूप काही पाजू नका. डाव्या कुशीवर झोपवा, अंगावर सांडलं असेल तर कपडे बदलून पाण्याने धुवा, डबा किंवा पाकीट सोबत घ्या. १०८ला फोन करा, पण घाटाखालून गाडी वर येईपर्यंत बसून राहू नका. गावातली जी गाडी मिळेल ती काढा आणि १०८वाल्यांशी वाटेत गाठ ठरवा. ‘थोडंच गेलंय, आता बरा दिसतो’ म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरू नका. काही विषांत माणूस पहिले एक-दोन दिवस धडधाकट दिसतो.

पोलीस केसच्या भीतीने लपवालपवी होते, आणि त्यात जीव जातो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. रुग्णालयात नोंद होईल, जबाब होईल, त्यापलीकडे घाबरण्याचं कारण नाही.

फोन: १४४१६

हा ‘टेली-मानस’चा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२पासून देशभर सुरू आहे, चोवीस तास, फुकट. लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी भाषा निवडायला सांगतात, मराठी घ्या. मग समुपदेशक बोलतात: कोण, कुठून, काय होतंय, केव्हापासून. गरज पडली तर तज्ज्ञांशी जोडून देतात, जवळ कुठे दाखवायचं ते सांगतात. बोललेलं गोपनीय राहतं. पहिल्या फोनमध्ये सगळं सांगून होत नाही. दोन-तीनदा लावायला हरकत नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. फोन आजारी माणसानेच लावायला हवा असं नाही. लालबागला बसलेला मुलगा किंवा नालासोपाऱ्याची मुलगी १४४१६ लावून ‘आमची आई गावी एकटी असते, ती असं असं बोलते, मी काय करू?’ असं विचारू शकते.

गावात रेंज घरात नसते, एखाद्या ठरावीक टेपावर नाहीतर आंब्याखाली मिळते. ती जागा घरातल्या प्रत्येकाला, सुनेला आणि शाळेतल्या पोरालाही, माहीत असावी. क्रमांक मोठ्या मराठी अंकांत दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. साध्या फोनवर एक आकडा दाबून धरला की लागेल असा भरून ठेवला तर चष्मा नसलेल्या आजीलाही लावता येईल. शेजारी तीन क्रमांक आणखी लिहा: ज्येष्ठांसाठी १४५६७, बाईला घरात मारहाण होत असेल तर १८१, मुलांसाठी १०९८.

दवाखाना

कुडपणातून एका दिवसात जाऊन येणं हीच मोठी कामगिरी असते, त्यामुळे फेरी वाया जाणार नाही असं बघा. आधी आशाताईंना गाठा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तेच दोन प्रश्न विचारून, पुढचे सात विचारून, चिठ्ठी देतात. नंतर पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय. मनोविकारतज्ज्ञ कायम बसतात ते अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे शंभर किलोमीटरहून लांब. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याला कोणत्या वारी येतं ते फोनवर विचारून मगच खाली उतरा. महामार्गाने खाली गेलं की रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, वर गेलं की ठाण्याचं. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून नाक मुरडू नका. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी परत येता येतं.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. म्हणजे अडचण उरते ती दिवस मोडण्याची आणि सोबतीची. सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांसमोर दोन वाक्यं तरी स्वतः सांगावीत, कारण आपला माणूस तिथे पोचला की ‘काही नाही, जरा झोप येत नाही’ एवढंच बोलतो. रक्तही तपासून घ्या. बायकांचा थकवा पुष्कळदा रक्त कमी असल्याचा किंवा थायरॉईडचा असतो, आणि तो औषधाने निघून जातो.

नैराश्याची गोळी तापाच्या गोळीसारखी त्याच दिवशी काम करत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होते आणि तिथेच बरेचजण सोडून देतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी ती घ्यावी लागते. सोडायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. तिची सवय लागत नाही. झोपेच्या गोळीची मात्र लागते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणत राहणं हे औषधोपचार नव्हे.

देवाला कौल लावायचा असेल तर लावा, नारळ ठेवा, अंगारा लावा. त्यात मनाला आधार असेल तर तो तोडून काय मिळणार? पण गोळी बंद करायला सांगणारा देवऋषी चालणार नाही. आणि बाहेरचं झालंय म्हणून बांधून घालणं, मारणं, उपाशी ठेवणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पावसाच्या रात्री

हा भाग मैदानातल्या शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत सापडत नाही, आणि इथे तोच सगळ्यांत मोठा. जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते आणि पोलादपूर तालुक्यात कोतवाल इथे डोंगर उतरला. २२ जुलै २०२१ला तळिये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. तळियेतली काही माणसं सापडलीच नाहीत. शोध थांबवून त्यांना मृत घोषित करावं लागलं. ज्यांनी आपल्या माणसाचं तोंडही पाहिलं नाही, त्यांचं दुःख वर्षभराने संपावं अशी अपेक्षा ठेवणंच क्रूर आहे.

पण ज्यांचं काहीच गेलं नाही, तेही मुसळधार पावसात रात्रभर जागे असतात. दगड घरंगळल्याचा भास होतो, पोरांना कपड्यानिशी झोपवतात, छातीत कळ येते. या भीतीला वेडेपणा म्हणू नये. ती खऱ्या गोष्टीची भीती आहे. तिच्यावर पहिला उपाय मानसशास्त्राचा नसून साध्या व्यवस्थेचा आहे. जागरणाच्या पाळ्या लावा: चार घरांतला एकजण जागा, बाकीचे निजलेले. लाल इशारा आला की कोणी कोणाकडे जायचं, म्हातारीला कोण उचलणार, कागदपत्रं कोणत्या पिशवीत, हे मे महिन्यातच ठरवा. जमिनीला भेग, झाडं किंवा विजेचे खांब कललेले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालेलं किंवा आटलेलं दिसलं, तर तलाठ्याची वाट न बघता घर सोडायचं आणि मग कळवायचं. ठरलेलं असलं की निम्मी भीती उतरते. उरलेली निम्मी बोलून उतरते.

दरड पडली, पूर आला, तर पहिल्या दिवसांत झोप न येणं, दचकणं, तेच तेच दिसणं हे होणारच. त्या वेळी कोणाला घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, वार्ताहरांपुढेही. अंग पुसायला गरम पाणी, कोरडे कपडे, आपली माणसं एकत्र आणि शक्य तितक्या लवकर हाताला काम हेच औषध. दारू नको. मुलं अंथरूण ओलं करतात, आईला चिकटून राहतात. त्यांना ओरडू नका, शाळा लवकर सुरू करा. महिना उलटून गेल्यावरही तीच दृश्यं दिसत असतील, माणूस त्या रस्त्याने जायचंच टाळत असेल, तर मात्र दाखवायला न्या.

दारू

थोडक्यात सांगतो, कारण उपदेश ऐकून कोणी सोडत नाही. मन खचलेला माणूस झोपेसाठी घेतो, आणि दारूने झोप आणखी मोडते. रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावणं धोक्याचं आहे: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. माळ घालायची असेल तर त्याआधी दवाखान्यात जाऊन औषध घेऊन सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा देशपातळीवरचा मोफत क्रमांक आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतं, आणि तिथे घरच्या बायकांशीही बोलतात. ते मला दाखल होण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हातातलं नुकसान

मनाच्या गोष्टीत पंचनामा कुठून आला, असं वाटेल. पण हातातून सगळं निसटतंय ही भावना एक कागद वेळेवर दिल्यानेही कमी होते. रानडुकरांनी, वानरांनी नाचणी खाल्ली तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्यावा लागतो. फोटो काढा, रान साफ करू नका, वनरक्षकाला कळवा. भरपाई थोडी मिळते, वेळेवर मिळतेच असंही नाही. तरी अर्ज करणारा माणूस हात टेकून बसलेल्यापेक्षा बरा झोपतो. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, आणि जमीन परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे.

मुंबईकरांसाठी

रविवारचा फोन बहुतेक असा असतो. ‘आये, जेवलीस?’ ‘जेवले.’ ‘पाऊस?’ ‘हाय.’ ‘गोळ्या घेतेस ना?’ ‘घेते.’ ‘बरं, ठेवतो.’ दोन मिनिटांत संपलं. यात आईने एकही गोष्ट सांगितली नाही, कारण सगळ्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ने भागतात. त्याऐवजी ‘आज भाजी काय केलीस?’, ‘शेजारच्या काकी आल्या होत्या का, काय म्हणत होत्या?’, ‘काल रात्री किती वाजता डोळा लागला?’ असं विचारा. ती सांगू लागली की मधे उपाय सुचवू नका. चार आठवडे भाजी एकच असेल, तर ती रांधत नाही हे तुम्हाला आपोआप कळेल.

गावातला एक माणूस ठरवून ठेवा, जो सांगितल्यावर जाऊन दार वाजवेल. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं, आणि पाठीमागे ते एकदम रिकामं होतं. म्हाताऱ्यांना सगळ्यांत जड जातो तो गाडी सुटल्यानंतरचा आठवडा. त्या आठवड्यात रोज फोन करा. ग्रामस्थ मंडळाने सभामंडपाच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून दवाखान्याच्या गाडीभाड्याचा निधी केला, तर देवालाही राग येणार नाही.

वाडीने काय करावं

हे काम डॉक्टरांशिवाय होतच नाही, असं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं आणि ते घरोघर जाऊन बोलू लागले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातलेच ‘मित्र’ नेमले, जे खचलेला माणूस ओळखतात, आणि ‘चॅम्पियन’ नेमले, जे त्याच्याशी चार-सहा वेळा बसून बोलतात. पेठही डोंगराळच आहे, तिथेही नाचणी-वरीच पिकते. मग कुडपणात का होऊ नये?

प्रत्येक वाडीत दोन माणसं निवडा, एक बाई आणि एक गडी; पोटात गोष्ट राहणारी. पुढारी नकोत. बचत गटातली एखादी, हरिपाठाला पेटी धरणारा एखादा चालेल. खचलेल्या माणसाला मोठं काही सांगायचं नसतं. या आठवड्यात रोज सकाळी गुरं सोडायला तूच जायचं. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी देवळात अर्धा तास, टाळ धरला नाही तरी चालेल. त्यापुढे एकदा बाजार. मन लागल्यावर काम करू असं म्हणत बसलं की मन लागत नाही. थोडं काम सुरू झालं की मागून मन येतं. समुपदेशक पैसे घेऊन हेच करवून घेतात.

त्या दोघांनाही कोणाकडे तरी मोकळं व्हावं लागेल. आशाताईंना तर फारच. गावाची सगळी दुखणी त्यांच्या ओटीत, त्यांना विचारणारं कोणी नाही. त्यांनीही १४४१६ लावावा.

ज्या घरातून माणूस गेला

त्या घरी जाताना कारण विचारू नका. ‘कर्ज होतं का, बायकोशी वाद होता का’ ही चर्चा पारावरही नको. शाळेत त्याचं पोर ती ऐकतं. पोराला ‘बाबा गावाला गेलेत’ असंही सांगू नये. वयाला झेपेल अशा शब्दांत खरं सांगावं, आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ हे वारंवार सांगावं. तेरावं झालं की पाहुणे उतरतात आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते: वारस नोंद, बँक, शाळेची फी, लावणीला माणसं. पहिलं वर्ष लावणी आणि कापणी वाडीने सावडीने करून द्यावी.

शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात शासन एक लाख रुपये देतं; चौकशी तहसीलदारांमार्फत होते. मृत्यू अपघाती असेल, म्हणजे साप चावून, वीज पडून, कड्यावरून घसरून, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात, आणि तो अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पोचायला हवा. त्या दिवसांत घरच्या बाईला तारखेचं भान नसतं. ते शेजाऱ्यांनी ठेवायचं. तिला तहसीलला एकटीला पाठवू नका. सोबत जा, फॉर्म भरा, आणि त्याच फेरीत रुग्णालयात तिच्याही नावाचा केसपेपर काढा.